एकोणीसचा पाढा

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बारसे होते. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून झाले, तिच्या पाठीत सगळ्यांनी धपाटे घालून झाले आणि घुगऱ्यांची पाकिटे वाटली जाऊ लागली, तेव्हा पाळण्यातली मुलगी रडू लागली म्हणून तिची आई तिला उचलून आतल्या खोलीत गेली. आहेराचे आंगडे-टोपडे द्यायचे राहिले होते, म्हणून मीही मागोमाग गेले. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, जरीचा पदर कसाबसा सांभाळत ती मुलीला अंगावर घेत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो आणि काहीतरी बोलायला हवे होते. "दूध पुरतंय ना गं तिला?" मी विचारले. "हो ताई, पुरतं," असे म्हणून तिने पदर आणखी थोडा पुढे ओढला. तेवढ्यात माझी नजर तिच्या पावलांवर गेली. दोन्ही पायांची बोटे आत वळून खालच्या सतरंजीला घट्ट धरून बसली होती. मी आहेर उशीजवळ ठेवला आणि बाहेर आले.

घरी येऊन घुगऱ्यांचे पाकीट उघडले आणि तसेच बाजूला ठेवले. हा प्रश्न सहा वर्षांपूर्वी मला इतक्या जणींनी विचारला होता की तो कधी माझ्याच तोंडून निघेल असे मला वाटले नव्हते. त्यात कोणाचाही दुष्टपणा नसतो. "जेवण झालं का?" इतकाच तो सहज येतो, आणि विचारणारीला उत्तरही फारसे नको असते. मला तो शेजारच्या काकूंनी, आईच्या भिशीतल्या बायकांनी, सासरहून आलेल्या आत्यासासूबाईंनी आणि एकदा तर गॅसचे सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाबरोबरच्या त्याच्या बायकोनेही विचारला होता. दर वेळी मी "हो" म्हटले होते. आणि दर वेळी माझ्या पायांची बोटे चादरीखाली तशीच वळलेली होती.

मुलगा झाला तो 2019 च्या जुलैच्या अखेरीला, साताऱ्यात. पहिले बाळंतपण म्हणून माहेरी गेले होते. ऐनवेळी सिझर करावे लागले. बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमच्यापेक्षा अधिक मावत नाही, चीक थेंबाथेंबानेच येतो, आणि सिझरनंतर दूध उतरायला एखाद-दुसरा दिवस जास्त लागू शकतो, हे सगळे मी आधी वाचलेले होते. दुखते, हे मात्र कुठे वाचले होते ते आठवत नाही. "सुरुवातीला थोडा त्रास होतो" असे एक वाक्य होते आणि त्यातल्या 'थोडा' या शब्दावर मी विश्वास ठेवला होता. मुलगा स्तनाचा पुरेसा भाग तोंडात न घेता केवळ टोकाला धरत असे. दुसऱ्या रात्री टोकांना चिरा पडल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या चिरांमधून लस येऊ लागली. तो तोंड लावी तो पहिला क्षण असा असे की काचेचा बारीक तुकडा आतून कोणी दोऱ्याने ओढतो आहे. त्यातच गर्भाशय आकुंचन पावून पोटात कळ येई आणि तीही नेमकी टाक्यांच्या आतून. पाजताना स्रवणारा ऑक्सिटोसिनच गर्भाशय पूर्ववत करतो, म्हणजे ती कळ शुभलक्षण होती. पण कळ येत असताना तिचे शुभत्व जाणवत नाही.

ओरडायचे नाही असे मी ठरवले होते. बाहेरच्या खोलीत वडील असत. म्हणून मी पाढा म्हणू लागले, तोही एकोणीसचा, कारण शाळेत तो मला कधीच धड येत नसे आणि आठवायला कष्ट पडत. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव. बहुधा पंच्याण्णवपाशी तीक्ष्णपणा बोथट व्हायचा. दीडशेपार गेल्यावरही तो टिकला तर मी बोट घालून मुलाचे तोंड सोडवायची आणि पुन्हा एकोणीसपासून सुरुवात करायची. दिवसातून दहा-बारा वेळा हे चाले.

सहाव्या दिवशी वजन करायला दवाखान्यात गेलो. जन्मताना 2.9 किलो असलेला मुलगा 2.58 वर आला होता. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन उतरतेच आणि दोन आठवड्यांत भरून येते; परंतु दहा टक्क्यांपलीकडे घट गेली की डॉक्टर गंभीर होतात. आमची अकरा टक्के होती. भिंतीवर स्तनपान सप्ताहाचे भित्तिपत्रक होते. हा सप्ताह दरवर्षी 1 ते 7 ऑगस्टला असतो आणि आम्ही अगदी मुहूर्तावर पोहोचलो होतो. चित्रातली आई बाळाकडे पाहून हसत होती. मला त्या चित्राचा इतका राग आला की मी खुर्ची फिरवून बसले. डॉक्टर मात्र भल्या होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही. पाजणे चालूच ठेवायचे, काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यायचे, कमी पडेल तेवढे वरचे द्यायचे, आणि दिवसाला किमान सहा लंगोट ओले होतात की नाही हे मोजायचे, असे त्यांनी एका कागदावर लिहून दिले.

वरच्या दुधाचा डबा नवऱ्याने आणला. आपल्याकडे 1992 पासून असलेल्या कायद्यामुळे या दुधाची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना ठळकपणे छापावी लागते. गुटगुटीत बाळांची चित्रे दाखवून बायकांच्या मनात स्वतःच्या दुधाविषयी शंका पेरणाऱ्या व्यापाराला आवर घालायचा तर तो कायदा हवाच होता, हे मला तेव्हाही पटत होते. तरी पहाटे तीन वाजता, उकळून कोमट केलेल्या पाण्यात मोजून भुकटी टाकताना, ती सूचना दर वेळी डोळ्यांसमोर येई. डबा मी उलटा फिरवून फळीवर ठेवू लागले. सकाळी आई तो पुसून पुन्हा सरळ ठेवी.

तो ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. कृष्णा-कोयनेला महापूर आला होता. साताऱ्यातही आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, लंगोट आणि दुपटी वाळत नव्हती, आई ती इस्त्रीने आणि शेकाच्या शेगडीवर वाळवत होती. घरभर ओव्याच्या धुरीचा, ओल्या सुती कापडाचा आणि नासलेल्या दुधाचा मिळून एक वास भरून राहिला होता. बाहेरच्या खोलीत टीव्ही अखंड चालू. कोयनेतून इतके क्युसेक, अलमट्टीतून इतके क्युसेक. आणि आत माझ्या वहीत मिलिलिटर: डावीकडून पंधरा, उजवीकडून आठ. सांगलीला मामेबहीण पहिल्या मजल्यावर अडकली होती, तिच्या काळजीने आई रडत होती, आणि आपण आठ मिलिलिटरसाठी रडतो आहोत याची मला लाज वाटत होती. एका संध्याकाळी पाजायला बसले असताना, पाढ्यातल्या नेमक्या तिसऱ्या पायरीवर, बाहेरून निवेदकाचा आवाज आला की सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आहे. एकोणीस त्रिक सत्तावन्न. मला हसू फुटले. हसता हसता अंग हलले, मुलाचे तोंड सुटले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग दूध उतरले, तेही एकदम. एका दुपारी छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत गाठी गेल्या, हात खाली ठेवता येईना. आतापर्यंत नाही म्हणून रडत होते, आता आहे पण निघत नाही म्हणून रडू लागले. फुगून ताठ झालेला स्तन बाळाच्या तोंडात धरवत नाही, आणि ते ओढत नाही म्हणून तो आणखी ताठतो, असे ते चक्र असते. आईने पाजण्याआधी गरम पाण्याच्या कापडाने शेकले, मी हाताने थोडे थोडे काढून टोक मऊ केले, आणि पाजून झाल्यावर फ्रिजमधली कोबीची गार पाने चोळीत ठेवली. हा कोबीचा उपाय मावशीने फोनवरून सांगितला होता. उरलेल्या कोबीची आईने रात्री भाजी केली. मला ती खाववली नाही. त्याच आठवड्यात मुलाने दूध बाहेर टाकले त्यात गुलाबी तार दिसली आणि घरातल्या सगळ्यांच्या पायांतले बळ गेले. ते रक्त माझे होते. चिरांतून त्याच्या पोटात गेलेले. त्याने त्याला काही अपाय होत नाही असे डॉक्टरांनी फोनवर समजावले. माझ्याविषयी कोणी काही विचारले नाही, मीही नाही.

पाचवी पुजली त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती. सटवाई येऊन मुलाचे ललाट लिहून जाते म्हणतात. मी तर रात्रभर जागीच होते. ती आली असती तर तिला मी बसायला सांगितले असते आणि अर्धा तास मूल सांभाळायला दिले असते.

त्या जागरणात मी पुष्कळदा शब्दांचा विचार करी. आपल्या भाषेत दूध नेहमी आपोआप येते. पान्हा फुटतो, पान्हा दाटतो, ऊर भरून येतो. वासराला पाहून गाय पान्हावते, तसे मुलाला पाहून आईने पान्हावायचे असते. उलट बाजूला एकच प्रयोग मला आठवला, तो म्हणजे पान्हा चोरणे. गाय पान्हा चोरते, म्हणजे असून देत नाही. म्हणजे न येणाऱ्या दुधासाठी शब्द आहे, पण तो चोरीचा आहे. येणारे आणि दुखणारे दूध सांगायला मला त्या दिवसांत एकही शब्द मिळाला नाही. 'आईचे दूध प्याला असशील तर समोर ये' असे आव्हान देणाऱ्यांना बाटलीवर वाढलेल्यांविषयी काय म्हणायचे असते, हाही प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण तर सरळ चुकीचा सल्ला आहे. रडणे हे भुकेचे शेवटचे लक्षण असते. त्याआधी मूल ओठ चाळवते, मान वळवते, मूठ तोंडात घालते. एकदा का ते रडून लाल झाले की जीभ वर टाळूला लागते आणि ते तोंडात नीट धरत नाही. ही म्हण पाजण्यासाठी नसून मागण्या मांडणाऱ्यांसाठी आहे, हे मान्य. पण माझ्या आत्यासासूबाईंनी ती शब्दशः घेतली होती.

आणि हिरकणी. एसटी स्टँडवरच्या बाळाला पाजायच्या कक्षांना तिचे नाव दिले आहे, आणि ते योग्यच आहे. दिवेलागणीला रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली, ही गोष्ट मी चौथीत मोठ्या अभिमानाने सांगितली होती. गोष्टीत काटे आहेत, खरचटलेले हातपाय आहेत, अंधार आहे. पण ती घरी पोहोचते आणि गोष्ट संपते. दिवसभर न पाजल्याने दगड झालेली तिची छाती, उपाशी राहून पिसाळलेले पोर, त्याने पहिल्यांदा ओढले तेव्हा तिच्या मस्तकात गेलेली कळ, यांतले काही गोष्टीत नाही. कड्यावरून उतरण्याची वेदना सांगता येते, बुरूजही बांधता येतो. पुढची खोलीतली असते.

माझ्यासाठी त्यातल्या त्यात दिलासा ठरले ते आजीचे बोंडले. चांदीचे, चोचीच्या टोकाशी थोडे चेपलेले. बाटलीची सवय लागू नये म्हणून डॉक्टरांनी वाटी-चमचा सांगितला होता. चमच्याने निम्मे दूध मुलाच्या मानेवर जाई, तेव्हा आईने ट्रंकेतून हे काढले, चिंचेने घासले, वीस मिनिटे उकळले. त्यातून दूध धारेने न जाता मुलाच्या ओठाशी थांबे आणि तो जिभेने ते ओढून घेई. हे भांडे पणजीपासून आमच्या घरात आहे. ते उजळताना मला वाटले, घरातल्या साऱ्या बायकांना जर आपोआप पान्हा फुटत होता, तर हे इतके झिजले कशाने? आईच्या मते ते गुटीसाठी आणि पाण्यासाठी वापरत. असेलही. पण आजीच्या जावेने आजीच्या एका मुलाला पाजले होते, असे घरात अनेकदा सहज बोलले जाई, आणि त्याचे कारण कधी कोणी सांगितले नव्हते. पुढे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली, हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा ती जाऊच आठवली. एकीचे उरलेले दुसरीच्या बाळाला. पेढीत ते तपासून, पाश्चरीकरण करून देतात. आमच्या माजघरात ते नुसतेच देत असणार.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी बारा दिवस हे सगळे गुपचूप पाहिले. तेराव्या दिवशी त्यांनी तेलाचे हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "तू कशाला वाकतीस त्याच्याकडं? पाठ मोडंल की. त्याला आण तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या मागे दोन उशा लावल्या, मुलाला टाक्यांवरून बाजूला, माझ्या काखेखाली आडवा धरला, त्याचे नाक टोकासमोर आणले आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. "थांब. टोक नको देऊस. जांभई दिल्यागत तोंड उघडू दे, मग घाल." तो थांबण्याचा वेळ फार मोठा वाटला. मुलाने आ केला, मावशींनी त्याची पाठ पुढे ढकलली, हनुवटी आधी टेकली आणि खालचा ओठ बाहेर उलटला. त्या वेळी मी अडतीसपाशी होते. सत्तावन्नला दुखणे कमी झाले. मला वाटले होते की या एका धड्याने सगळे संपेल, पण तसे झाले नाही. चिरा भरायच्या होत्या, रात्री झोपेत हात ढिला पडे आणि तो पुन्हा टोकावर घसरे. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला लालसर चट्टा उठला, हुडहुडी भरून ताप आला, आणि प्रतिजैविके घेत, त्याच बाजूने पाजत राहावे लागले. दूध साचू दिले तर दुखणे वाढते म्हणून.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. पाळण्यातून जाग येण्याचा जो पहिला आवाज येई, रडण्याच्याही आधीचा, नाकातल्या नाकात कुरकुरण्याचा, तो ऐकून माझ्या पोटात गोळा येई आणि त्या क्षणी मला मूल नको असे. ते क्षणभरच असे, पण रोज दहा-बारा वेळा असे. मग मी त्याला उचलून घेई, त्याच्या टाळूचा तेलकट वास येई, आणि तो हवासा असे. या दोन्हींतले कोणते खरे, याचा निकाल लावायचा मी पुष्कळ दिवस प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. आईला मात्र काहीतरी कळले असावे. एका रात्री तिने डबा स्वतःच उघडला, बोंडले भरले आणि म्हणाली, "तू झोप. हे मी देते." सलग चार तास झोपले. जागी झाले तेव्हा उशी दुधाने भिजलेली होती.

दुखायचे कोणत्या दिवशी थांबले ते मला सांगता येणार नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास कधीतरी मुलाला घेऊन खिडकीशी बसले होते, अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते, आणि तो पिऊन झोपल्यावर लक्षात आले की पाढा म्हणायचा राहूनच गेला. रात्रीचे एक वरचे दूध चार महिने चालू होते. अंगावर तो चौदा महिने प्याला. पुढचे बारा महिने खरोखर सुखाचे होते. पण त्यांविषयी लिहायला बसले की हाताला काही लागत नाही.

बारशानंतर तीन-चार दिवस ती वळलेली बोटे माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. शेवटी एका दुपारी डिंकाचे चार लाडू डब्यात घातले आणि खाली गेले. काय बोलायचे ते मनात घोळवून ठेवले होते. चुकीचा प्रश्न विचारला हे सांगायचे, चिरांविषयी सांगायचे, काखेखाली कसे धरायचे ते दाखवायचे, आणि तिला रडायचे असेल तर रडू द्यायचे. दार तिनेच उघडले, एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात मोबाईल. आम्ही आत जाऊन बसलो. मी म्हणाले, "त्या दिवशी मी भलतंच विचारलं. विचारायचं होतं ते वेगळंच. दुखतं का गं फार?"

तिने माझ्याकडे जरा गोंधळून पाहिले. "नाही हो ताई. पहिल्या दोन दिवसांत थोडं दुखलं, मग काहीच नाही. छान पिते ही."

"पण तुझ्या पायांची बोटं..."

"अय्या, ती जोडवी!" ती हसू लागली. "पाय अजून सुजलेत ना. बारशाला हवीतच म्हणून आईनं साबण लावून घातली. निघेपर्यंत जीव गेला माझा."

मला बरे वाटायला हवे होते आणि बरेचसे वाटलेही. पण त्याखाली, सहा वर्षे जुना, लहानसा, ओळखीचा असा मत्सरही होता, आणि तो मला त्या पलंगावर बसल्या बसल्या स्पष्ट दिसला. तिने मुलीला सहज कुशीत घेतले, एका हाताने मोबाईलवर कोणाला तरी उत्तर लिहीत राहिली आणि दुसऱ्या हाताने लाडू तोडला. मुलगी घटघट आवाज करत पीत होती. मी खाली पाहिले. पाय सैल लोंबत होते, अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याचा लालसर वळ अजून होता, आणि नखावरचे गुलाबी नेलपॉलिश अर्धे उडालेले होते.